मामाजींची वही आणि २०४८ टोकन

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की काटोलच्या मामाजींसाठी संत्र्याच्या बागेचा एजंट, म्हणजे बागेच्या प्रश्नांना उत्तरं देणारा एआय मदतनीस, जवळपास तयार आहे, आता फक्त सेटिंग राहिल्यात. त्या 'फक्त'मध्ये अख्खा मे गेला.

सामान तेच. १६ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, ग्राफिक्स कार्ड नाही, ओलामावर (एआय मॉडेल आपल्याच संगणकावर चालवणारा प्रोग्राम) जेमा ३ हे गूगलचं मॉडेल, त्यातलं लहान ४बी, डाउनलोड ३.३ जीबी. नागपूरच्या मे महिन्यात लॅपटॉप कूलरच्या वाऱ्यात ठेवून काम करतोय. एजंटला माहिती म्हणून दिलीय मामाजींची बागेची वही, टाइप केल्यावर अकरा पानं भरली. वर माझे नियम, खाली वही, सगळं एकाच सिस्टम प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे प्रत्येक प्रश्नाआधी मॉडेलला वाचायला मिळणाऱ्या सूचनांमध्ये.

नाव आणि चित्र ठरवण्यात भाचीने एक संध्याकाळ घालवली. एजंटचं नाव 'संत्री' आहे. पुढे.

पहिली चाचणी मामाजींसमोरच घेतली, हा मूर्खपणा. पावसाळ्याआधी खोडाला बोर्डो पेस्ट लावायची वेळ होती, म्हणून तोच प्रश्न टाकला: पेस्टला काय काय किती? संत्रीने ठणकावून सांगितलं, मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर. मामाजींनी चष्मा वर केला. "हे पेस्ट होय का ताक होय बे? खोडाले चिकटन तरी का?"

बरोबर होतं त्यांचं. पेस्टला पाणी १० लिटर. १०० लिटर हे फवारणीच्या एक टक्का मिश्रणाचं प्रमाण. दोन्ही वहीत आहेत, पेस्ट दुसऱ्या पानावर आणि फवारणी नवव्या.

मग मी तेच केलं जे आपण सगळेच करतो, टेम्परेचरला धरलं, म्हणजे उत्तर दर वेळी किती बदलावं ते ठरवणाऱ्या सेटिंगला. ०.८ वरून ०.२ वर आणलं, मग थेट ०. आधी दहा वेळा विचारलं की कधी १०० लिटर यायचे, कधी ५०, एकदा तर बादलीच्या हिशेबात उत्तर आलं. शून्यावर दहाही वेळा १०० लिटर. म्हणजे चूक गेली नाही, पक्की झाली. टेम्परेचरने उत्तराची भटकंती कमी होते, पुढ्यात नसलेली माहिती येत नाही. हे मला तोंडपाठ होतं, तरी दोन रात्री तिथेच घासल्या.

आणखी एक गोष्ट खुपत होती. नियमांत स्पष्ट लिहिलं होतं, 'वहीत नसलेला आकडा सांगू नकोस, वहीत नाही असं म्हण.' संत्री एकदाही तसं म्हणाली नाही. मला वाटलं लहान मॉडेल आहे, ऐकत नसेल. त्याचंच मोठं १२बी मॉडेल उतरवायच्या बेतात होतो.

लॉग, म्हणजे ओलामा स्वतःच्या कामाची नोंद ठेवतो ती फाइल, उघडला तो भलत्याच कारणाने. त्यात इशारा पडलेला, प्रत्येक प्रश्नाला एक: इनपुट प्रॉम्प्ट कापतोय, मर्यादा २०४८. माझ्या आवृत्तीत संदर्भाची लांबी, म्हणजे मॉडेल एका वेळी वाचू शकतं तेवढा मजकूर, डिफॉल्टने २०४८ टोकन (शब्दांचे तुकडे) होती आणि नियम धरून वही भरली साडेसहा हजारांच्या वर. जास्तीचं कापताना शेवटचा भाग राहतो, सुरुवातीचा गळतो. म्हणजे दुसरं पान गेलं, नववं राहिलं. आणि नियम तर सगळ्यात वर होते, ते आधीच गेले! बिचारीने नियम कधी वाचलेच नव्हते. दोष तिचा नाही, ओलामाचाही नाही. लॉग महिनाभर सांगत होता, मी बघत नव्हतो.

मॉडेलफाइलमध्ये, म्हणजे मॉडेलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, 'नम सीटीएक्स' (हीच संदर्भाची लांबी) ८१९२ केलं. उत्तर आलं: १ किलो, १ किलो, १० लिटर. त्या रात्री मी मेडिकल चौकात जाऊन एकटाच आइस्क्रीम खाऊन आलो.

याची किंमत आहे. पहिल्या प्रश्नाला साडेसहा हजार टोकन वाचायला माझ्या प्रोसेसरला तीन मिनिटं लागतात. पुढचे प्रश्न लवकर सुटतात, कारण वरचा तोच मजकूर तो परत वाचत नाही. पण पाच मिनिटं कोणी बोललं नाही की मॉडेल मेमरीतून उतरतं आणि पुन्हा तीन मिनिटं. मामाजी प्रश्न विचारून चहा घेतात, म्हणून 'कीप अलाइव्ह', म्हणजे मॉडेल मेमरीत ठेवायची वेळ, एक तास ठेवलाय.

भाषेचं सेटिंग मात्र कुठल्या मेनूत मिळत नाही. नियम आधी इंग्रजीत लिहिले होते, तर संत्री 'पौध्यांवर छिडकाव करा' असलं काहीतरी बोलायची. नियम मराठीत लिहिले, मामाजींच्या तोंडचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं नमुन्याला दिली, तेव्हा 'फवारणी' आली. तरी मृग बहाराचं (पावसाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलोऱ्याचं) विचारायला मामाजींनी टाइप केलं, "ताण केव्हा तोडू?" संत्री म्हणाली, दीर्घ श्वास घ्या, रोज थोडं चाला आणि जवळच्या माणसाशी बोला. मामाजी हसून हसून खोकायला लागले. आता नियमांखाली शब्दांची यादी आहे: ताण म्हणजे बागेचं पाणी बंद ठेवणं, ताण तोडणं म्हणजे पाणी पुन्हा सुरू करणं, डिंक्या म्हणजे फायटोप्थोराने खोडातून डिंक गळणं, कोळशी म्हणजे काळ्या माशीमागून येणारी काळी बुरशी. सोळा शब्द झालेत. माझ्या मते या यादीने जेवढा फरक पडला तेवढा टेम्परेचर, टॉप-पी (शब्दनिवडीचं तसलंच सेटिंग) सगळं मिळून पडला नाही.

उत्तराची लांबी आधी २०० टोकनवर अडवली होती, तर वाक्य 'चुन्याची निव' इथेच तुटायचं. देवनागरीला टोकन जास्त लागतात, हिशेब मराठीचाच धरा. सध्या ५०० आहे. टेम्परेचर ०.२. आधीच्या गप्पांची आठवण ठेवायची सोय बंद, कारण शेजारच्या बागेचे प्रश्नही मामाजींच्याच फोनवरून येतात. इंटरनेटवर शोधण्यासारखं जोडटूल एकही नाही.

बरोबर उत्तर दाखवायला परवा काटोलला गेलो होतो. मामाजींनी वाचलं आणि म्हणाले, "बरोबर हाये. पण हे तं मले मालूमच होतं."

आता २४ प्रश्नांचा संच केलाय, सेटिंग बदललं की सगळे परत विचारायचे. २१ बरोबर येतात. उरलेले तिन्ही खताच्या वेळापत्रकातले आहेत. वहीत तो तक्ता आहे, आणि टाइप करताना माझे रकाने सरकलेत, संत्री नत्राचा आकडा पालाशला लावते. म्हणून तक्त्याची एकेक ओळ साध्या वाक्यात लिहितोय. सहा झाल्या, चौदा बाकी.