अपडेटनंतर सगळे संदेश एकाच आवाजात

गुरुवार, रात्र

परवा रात्री फोनमध्ये नवे सॉफ्टवेअर आपोआप बसले आणि तेव्हापासून प्रत्येक संदेश, मग तो बँकेचा असो, सोसायटीच्या ग्रुपचा असो वा बाबांच्या फोनवरून आलेला असो, एकाच सुरात वाजतो आहे. बाबांसाठी मी देवघरातल्या पितळी घंटेचा नाद रेकॉर्ड करून लावला होता. सेटिंग उघडले, तर त्यांच्या नावापुढे आता फक्त ‘डीफॉल्ट’ दिसते. घंटेची फाइल मात्र जागच्या जागी आहे.

संध्याकाळच्या लोकलमध्ये दादरनंतर एक हात कडीला आणि दुसरा पोटाशी धरलेल्या पर्सवर असतो, त्यामुळे घाटकोपर येईपर्यंत तरी फोन बाहेर काढता येत नाही आणि कोणाचा संदेश आला हे कानालाच ओळखावे लागते. बाबा गिरगावात राहतात, त्यांना मधुमेह आहे आणि साखर मोजली की मावशी त्यांच्याच फोनवरून आकडा कळवतात. आज तो ६८ होता, म्हणजे कमी. आणि मी तो मुलुंडला उतरल्यावर वाचला. मावशींनी तोवर त्यांना साखरपाणी दिले होते, म्हणून निभावले.

असे होण्यामागचे एक कारण समजण्यासारखे आहे. अँड्रॉइडमध्ये निवडलेला आवाज बहुधा फोनमधल्या ध्वनींच्या यादीतील क्रमांकाने लक्षात ठेवला जातो. यादी नव्याने तयार झाली आणि क्रमांक बदलला, की जुनी नोंद निरर्थक ठरते आणि फोन मूळ आवाजावर येतो. खरे तर २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक प्रकारच्या सूचनेचा आवाज ठरवण्याचा अधिकार वापरणाऱ्याचा आहे, ॲपला तो मागाहून परस्पर बदलता येत नाही. आयफोनवरही २०२३ मध्ये आयओएस १७ ने सूचनांचा नेहमीचा आवाज बदलला होता आणि तो स्वतः निवडण्याची सोय डिसेंबरमध्ये, १७.२ मध्ये आली.

आज घंटेची फाइल ‘नोटिफिकेशन्स’ फोल्डरमध्ये ठेवून बाबांसाठी पुन्हा निवडली. मावशींकडून एक संदेश मागवून खात्रीही केली. बँकेचे आणि ग्रुपचे आवाज सवडीने पाहीन. फोनच्या कंपनीला मात्र उद्याच लिहिणार आहे: आवाज बदलणार असतील तर बदला, पण कोणाकोणाचे बदलले त्याची यादी फोन सुरू होताच पडद्यावर दाखवा.