आप्पांचं पासिंग

रिक्षा पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला, निघाली की लांबूनच ओळखू येते. हुडाला नवं रेक्झिन, बंपरला ताजा काळा रंग, मागे चकचकीत लाल रिफ्लेक्टरची पट्टी, आणि वर्षभर सीटखाली कुठेतरी पडलेली प्रथमोपचाराची पेटी एकदम दर्शनी जागी. आमच्या कोपऱ्यावरचे रिक्षावाले काका त्या आठवड्यात कुणाशी धड बोलत नाहीत. ब्रेक लायनर बदला, हेडलाइटचा फोकस खाली घ्या, विमा बघा, पीयूसी काढा, आणि मग धंदा बुडवून दिवे गावच्या ट्रॅकवर रांगेत उभे राहा. ब्रेक तपासायला २५० मीटरचा ट्रॅक हवाच, असं उच्च न्यायालयाने बजावल्यावर पुण्यातल्या रिक्षा-टेंपोंच्या नशिबी दिवे घाट आला. काकांचं म्हणणं असं, की घाट चढून-उतरून जी रिक्षा तिथवर पोचली, तिला आणखी तपासायचं ते काय?

पण तक्रार करत का होईना, ते जातात. नव्या रिक्षाचं पासिंग पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. चुकलं तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क. यावरून २०२४ मध्ये रिक्षावाले रस्त्यावर उतरले आणि राज्य सरकारला वसुली थांबवावी लागली. पासिंगपुरते मित्राचे टायर चढवून आणणारे महाभागही असतात, हे काकांनीच मला डोळा मारत सांगितलं आहे. तरीही वर्षा-दोन वर्षांतून एक दिवस त्या गाडीचे ब्रेक कुणीतरी परका माणूस दाबून बघतो.

माझ्या गाडीचे ब्रेक सरकारने अजून एकदाही दाबून पाहिलेले नाहीत. पांढऱ्या नंबर प्लेटचा हा मान आहे. खासगी गाडी एकदा नोंदवली की १५ वर्षं तिला कुणी 'कशी आहेस' म्हणून विचारत नाही. राहता राहिली पीयूसी. पंपाच्या कोपऱ्यातला मुलगा सायलेन्सरमध्ये नळी सरकवतो, नंबर प्लेटचा फोटो काढतो, आणि प्रिंटरमधून कागद येतो. कार्बन मोनॉक्साइड इतका, हायड्रोकार्बन इतके, ठीक. टायर गुळगुळीत झालेत का, ब्रेक लागतात का, याच्याशी त्या नळीला देणंघेणं नाही. धूर सभ्य असला की झालं. आणि रिक्षातून मी जातो तेव्हा मागे एकटा बसलेला असतो, माझ्या गाडीत मात्र बायको, मुलं, सासू-सासरे आणि वर लग्नाचा आहेर असतो. तपासणी कुणाची आधी व्हायला हवी?

हा विचार माझ्या डोक्यात शिरला तो सासऱ्यांमुळे. आमचे आप्पा ७८ वर्षांचे आहेत आणि त्यांची गाडी २००४ सालची. दोघंही अजून रस्त्यावर आहेत. गाडीची तरी परीक्षा झाली. १५ वर्षं भरल्यावर एकदा आणि त्यानंतर ५ वर्षांनी पुन्हा ती आरटीओत उभी राहिली, निरीक्षकाने चेसिस नंबर ताडून पाहिला, दिवे लावून बघितले. पुढच्या खेपेला तर नुसती फी १०,००० रुपये आहे. २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये ती दुप्पट झाली. आप्पा म्हणतात, गाडी विकली तर तेवढे येतील की नाही शंका आहे, पण भरणार.

आप्पांची स्वतःची परीक्षा मात्र शेवटची झाली ती ऐन तारुण्यात, एका मैदानात. त्यानंतर फक्त नूतनीकरणं. पंचावन्नी ओलांडली की परवाना ५-५ वर्षांचाच मिळतो, आणि त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो, फॉर्म १-ए. त्या फॉर्मवरचे प्रश्न चांगले आहेत. अर्जदाराला चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, लाल आणि हिरवा रंग वेगळा कळतो का, रातांधळेपणा आहे का. आप्पांचे डॉक्टर त्यांच्यासोबत सकाळी टेकडीवर फिरायला जातात. "आप्पा, दिसतं ना?" "दिसतंय की." झाला फॉर्म. पंचवीस मीटर लांब उभं राहायला त्या दवाखान्यात जागाही नाही म्हणा.

या नियमांत मला सर्वात गंमत वाटते ती वेगळ्याच कलमाची. परवान्याची मुदत संपून वर्ष उलटलं, तर पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागते. त्याआधी अर्ज केला तर नाही. म्हणजे जो शिस्तीने तारीख पाळतो त्याला जन्मात पुन्हा कुणी तपासणार नाही, आणि आळशी माणूस मात्र मैदानात उभा. आपल्याकडे ड्रायव्हिंग विसरल्याबद्दल परीक्षा नाही, अर्ज विसरल्याबद्दल आहे. आप्पा बँकेतून निवृत्त झालेले. ते तारीख विसरणं शक्यच नाही.

आप्पा वाईट चालवतात असं नाही. सावकाश चालवतात, आणि उजवीकडचं सगळं त्यांना नीट दिसतं. डावीकडचं खातं सासूबाईंकडे आहे. त्या डावीकडच्या आरशाच्या जागी नेमलेल्या आहेत. "अहो, सायकल." "अहो, कुत्रं." "अहो, तो शाळेतला मुलगा थांबलाय, त्याला जाऊ द्या." त्या एखाद्या दिवशी सोबत नसल्या की आमच्या घरात फोन शांत राहत नाही.

भाचा जर्मनीत स्टुटगार्टला असतो. तिथे नवी गाडी ३ वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासायला न्यावीच लागते, आणि पास झाली की मागच्या नंबर प्लेटवर गोल रंगीत स्टिकर मिळतो. पुढची तपासणी कोणत्या महिन्यात, कोणत्या साली, हे मागच्या गाडीवाल्यालाही वाचता येतं. मी म्हटलं, वा, शिस्त! मग माणसांचं काय? तो हसला. माणसाला तिथेही वयापायी कुणी तपासत नाही. ऐंशीच्या आजोबांना फार तर नवं कार्ड घ्यावं लागतं, परीक्षा नाही.

जपानने मात्र हात घातला आहे. सत्तरीनंतर परवान्याच्या नूतनीकरणाआधी वर्गात बसावं लागतं, आणि पंचाहत्तरीनंतर स्मरणाची चाचणी. १६ चित्रं दाखवतात, मध्ये दुसरंच काही करायला देतात आणि मग विचारतात, काय काय पाहिलंत? शिवाय आज तारीख काय, वार कोणता. २०१९ च्या एप्रिलमध्ये टोकियोच्या इकेबुकुरोत एका ८७ वर्षांच्या गृहस्थांच्या गाडीखाली एक आई आणि तिची लहान मुलगी गेली. त्या वर्षात जपानमध्ये सुमारे ६ लाख लोकांनी आपणहून परवाने परत केले. परत करणाऱ्यांना एक प्रमाणपत्र मिळतं, ते दाखवून कित्येक गावांत बस-टॅक्सीला सवलत मिळते. ही सवलतीची बाजू मला परीक्षेपेक्षा महत्त्वाची वाटते. आप्पांनी गाडी सोडली तर त्यांनी दर महिन्याला बँकेत, दर गुरुवारी मठात आणि दर रविवारी धाकट्या बहिणीकडे जायचं कसं? पीएमपीच्या बसच्या पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. त्या वेळी आपण सगळे रिक्षा हा शब्द फार सहज तोंडातून काढतो.

तरीही परीक्षा हवी, असं माझं ठाम मत झालं आहे. सोळा चित्रं नकोत, मैदानातला आठचा आकडाही नको. आपल्या रस्त्यांवर आठ काढायची वेळ येते ती खड्डे चुकवताना, आणि त्याचा सराव सगळ्यांचाच आहे. डोळे, मान दोन्हीकडे वळते का, ब्रेकवर पाय वेळेत जातो का. वीस मिनिटांचं काम. आणि गाडीचेही ब्रेक, टायर, दिवे, दर दोन-तीन वर्षांनी, पांढरी प्लेट असली तरी. एजंट घुसतील, माहीत आहे. रिक्षाच्या पासिंगमध्येही ते घुसलेच होते.

खरं कारण असं, की घरात हे कुणी बोलू शकत नाही. मुलगा बोलला तर आप्पा दोन दिवस जेवणाच्या टेबलावर गप्प बसतात. मुलगी बोलली तर तिच्या डोळ्यांत पाणी. मी जावई. जावयाने सासऱ्याला 'आता गाडी चालवू नका' म्हणायचं, हे आमच्या घराण्यात अजून घडलेलं नाही, आणि पहिला मान मला नको आहे. नाही म्हणायला एक परका, खिडकीपलीकडचा, शिक्का मारणारा माणूस हवा, ज्याच्यावर घरी येऊन चिडता येईल.

मागच्या रविवारी हे जपानचं मी आप्पांना जरा आडवळणाने सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला. "सरकारने बोलावलं तर मी उद्या जाईन. नापास केलं तर किल्ली तिथेच ठेवून रिक्षाने परत येईन. पण तुम्ही कुणी सांगायचं नाही." आणि मग, "माझा परवाना २०२९ पर्यंत आहे, जावईबापू."

सासूबाई आतून म्हणाल्या, "२०२९ पर्यंत रविवारी मीच येणार आहे बरोबर, मग तर झालं?"