आतला शेक

रात्री चार-पाचदा लघवीला उठणं, धार बारीक, सुरू व्हायलाच वेळ लागायचा. तालुक्याच्या एका दवाखान्यात "वय झालं तुमचं" म्हणून आठ महिने गोळ्या चालल्या. रक्तातला पीएसए, म्हणजे मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारं प्रथिन, तपासा असं कोणी म्हटलं नाही, याचा राग अजून गेला नाही. पन्नाशी उलटलेल्यांनो, असा त्रास असेल तर ही तपासणी स्वतः मागून घ्या.

सोयाबीन विकलं आणि नागपूर गाठलं. पीएसए २२ निघाला, म्हणजे बराच वाढलेला, बायोप्सीत प्रोस्टेटचा कॅन्सर. हाडांच्या स्कॅनमध्ये पसरलेला दिसला नाही, तेवढाच जीव भांड्यात पडला.

आधी बाहेरून शेक, म्हणजे कॅन्सरवर यंत्रानं किरणं देणं, पाच आठवडे, २५ वेळा. टेबलावर निजायचं, दहा-पंधरा मिनिटांत उठायचं. धास्ती होती ती आतल्या शेकाची, ब्रॅकीथेरपीची.

मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखाली बधिर केलं. अंडकोश आणि गुदद्वाराच्या मधल्या जागेतून, सोनोग्राफीवर पाहत, १६ पोकळ सुया ग्रंथीत बसवल्या. मग सुयांसकट सीटी स्कॅन. कोणत्या सुईत किती सेकंद किरणं द्यायची याचा हिशेब होईस्तोवर उताणं पडून राहायचं. हलायचं नाही, सुई सरकली तर शेक भलतीकडेच, मूत्राशयाला नाहीतर गुदाशयाला लागायचा. मला हेच सगळ्यात जड गेलं. छताकडे पाहत मी आमच्या वावरातली कपाशीची तासं मनात मोजत होतो.

नंतर यंत्राच्या खोलीत एकटाच. तारेच्या टोकाला किरणं सोडणाऱ्या इरिडियम-१९२ या धातूचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा. तो एकेका सुईत शिरायचा, थांबायचा, मागे जायचा. पंधराएक मिनिटांत आटोपलं. सुया काढल्या, लघवीची नळी दुसऱ्या दिवशी. लघवी काही दिवस लालसर होती, जळजळ मात्र दीड महिना राहिली.

घरी आलो तर सूनबाई दारातच म्हणाली, "मामाजी, चिमणीले सध्या जवळ घेऊ नका, अंगात किरणं हायेत तुमच्या."

तिची चूक नाही. आतल्या शेकाच्या दुसऱ्या प्रकारात किरणं सोडणाऱ्या आयोडीनचे बारीक दाणे कायमचे आतच ठेवतात, तेव्हा काही काळ लेकरांना मांडीवर घेऊ देत नाहीत. तिनं तेच कुठंतरी ऐकलं होतं. मी पोराला डॉक्टरांना फोन लावायला सांगितला, स्पीकरवर. "तुकडा यंत्रात परत गेला. बाबांच्या अंगात काही उरलेलं नाही."

फोन ठेवायच्या आधीच नात मांडीवर येऊन बसली होती. मुठीत तुरीच्या हिरव्या शेंगा होत्या, सोलून द्या म्हणत होती.