घरकुल वस्तीला लागून घर

आज घर पाहून आलो. दोन खोल्या, मागं कडुनिंब, भाव झेपणारा. दलाल तीनदा म्हणाला, "भाऊ, आधीच सांगून ठेवतो, शेजार पाहून घ्या." भिंतीपलीकडं घरकुल वस्ती आहे, म्हणून.

मग शेजारच पाहायला गेलो. एका मावशीनं ओट्यावर बसवून काळा चहा दिला. प्रधानमंत्री आवासचे १ लाख २० हजार, तेही हप्त्याहप्त्यानं. पहिला हप्ता जोत्यातच गेला, दुसरा येईस्तोवर अख्खा पावसाळा ताडपत्रीखाली. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळाली, ती स्वतःच्याच घरावर राबून. तरी पैसा पुरला नाही. "कापूस येचू येचू सलाप टाकला, बाप्पा!" भिंतींना अजून प्लॅस्टर नाही. अंगण मात्र लख्ख सारवलेलं.

'घरकुलवाले' हा शब्द लोक ज्या सुरात उच्चारतात, तो आज मला फार लागला. माझे आजोबाही कुडाच्याच घरात वारले.

निघताना मावशी म्हणाली, "या राहाले, पोराइले खेळाले सोबत होईल."

ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा, म्हणजे घराच्या कर आकारणीच्या नोंदीचा, उतारा काढायला टाकला आहे. तो हाती आला की सोमवारी इसार देतो.