जोहार खोऱ्यात, रंगकस भाषेच्या मागावर

उत्तराखंडातील थलहून निघालेली जीप बिर्थीचा धबधबा मागे टाकून काळामुनीची खिंड चढते आणि पलीकडे उतरू लागताच पंचचुलीची शिखरे समोर उभी राहतात. मुनस्यारीला येणारे बहुतेक प्रवासी त्यांच्यासाठीच येतात. मला मात्र ज्या जोहार खोऱ्यात एके काळी रंगकस ही भाषा बोलली जात असे, ते पाहायचे होते. युनेस्कोच्या यादीत भारतातील ज्या पाच भाषा नामशेष म्हणून नोंदल्या आहेत, त्यांत आहोम, आंद्रो, सेंगमाई आणि तोलछा यांच्या पंगतीत रंगकस बसली आहे.

गोरी गंगेच्या उगमाकडचे मिलम हे येथील शौका व्यापाऱ्यांचे मोठे गाव, तिबेटचे सर्वेक्षण करणारे नैनसिंह रावत यांचे. मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर धान्य लादून तिबेटात जायचे आणि मीठ, लोकर घेऊन परतायचे, हा शौकांचा क्रम १९६२च्या भारत-चीन युद्धाने मोडला. मात्र भाषेच्या मृत्यूचे खापर सरसकट युद्धावर फोडणे मला पटत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच रंगकस बोलणारे जेमतेम ६०० उरले होते. पुढे कुमाऊंनी वळणाच्या बोलीने तिची जागा घेतली.

निवृत्त शिक्षक शेरसिंह पांगती यांनी मुनस्यारीत उभारलेल्या संग्रहालयात थुलमे म्हणजे जाड लोकरी पांघरुणे आहेत, मिठाचा चहा घुसळायची लाकडी नळकांडी आहेत. वस्तू जपता आल्या. त्यांच्याभोवतीचे बोलणे मात्र राहिले नाही. रंगकसची मुख्य नोंद सापडते ती ब्रिटिशकालीन भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०९ साली निघालेल्या तिसऱ्या खंडात, आणि ते काम मुख्यतः नॉर्वेजियन भाषाशास्त्रज्ञ स्टेन कोनो यांचे. सर्वेक्षणाची रीत अशी, की बायबलमधील उधळ्या पुत्राची गोष्ट आणि ठरावीक शब्द-वाक्ये स्थानिक भाषेत उतरवून घ्यायची. त्यातून व्याकरणाचा सांगाडा हाती लागतो; पण मेंढपाळ कळपाला कशी हाक देई किंवा भावावरून घासाघीस कशी चाले, हे त्या साच्यात येणारच नव्हते.

म्हणूनच मुनस्यारीहून मी गोरीच्या काठाने जौलजीबीला उतरलो आणि काली नदी धरून धारचुल्याला गेलो. रंगकसच्या नात्यातील दारमिया, ब्यांसी आणि चौदांसी या भाषा तिथल्या ‘रंग’ नावाच्या जमातीत अजून बोलल्या जातात. त्यांना स्वतःची लिपी नाही, तरी समाजातील जाणती आणि तरुण मंडळी व्हॉट्सअॅपच्या गटांवर आवाज मुद्रित करून एकमेकांचे उच्चार सुधारतात. कोनोंना जे मिळाले नाही, ते इथे रोज आपसूक नोंदले जात आहे.