जळजळ आणि फर्मागुढीचा चढ

गोव्यातल्या फोंड्याहून फर्मागुढीला जाणारा चढ मी गेली कित्येक वर्षे पहाटे चालत आले आहे. पण तीन वर्षांपूर्वीच्या चतुर्थीनंतर हाच चढ मला नकोसा झाला होता. अर्ध्या वाटेवर छातीच्या मधोमध जळजळ सुरू होत असे, घशाशी आंबट पाणी येत असे आणि गोपाळ गणपतीचे देऊळ गाठण्याआधीच मी माघारी फिरत असे. नेवऱ्या आणि तळणाने पित्त वाढले आहे, तेव्हा थोडे दिवस चालणे बंद ठेवावे, असे मी परस्पर ठरवून टाकले. त्या थोड्या दिवसांचे सात महिने झाले, वजन ५ किलोंनी वाढले आणि पूर्वी केवळ चढावर होणारी जळजळ रात्री अंथरुणातही होऊ लागली.

डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी पित्ताचे नावही न काढता आधी ईसीजी आणि ट्रेडमिल टेस्ट करून घेतली. चढ चढताना छातीत होणारी जळजळ हृदयाचीही असू शकते, हे मला ठाऊक असायला हवे होते. ज्यांना श्रम करताना असा त्रास होतो, त्यांनी तो पित्ताचाच आहे असे घरच्या घरी ठरवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हृदय ठीक निघाल्यावर त्यांनी मला कागदावर चित्र काढून दाखवले. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक कडे असते; अन्न खाली उतरले की ते आवळले जाते. हे कडे सैल पडले किंवा पोटात खालून दाब वाढला, की जठरातले आम्ल वर चढते. पोटावरची चरबी हा दाब वाढवते, म्हणजे चालणे सोडून मी नेमका आजारच पोसत होते. त्यांनी मला व्यायाम थांबवायला सांगितले नाही; त्याची वेळ आणि त्यातली शरीराची ठेवण बदलायला सांगितली.

पूर्वी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की मी गरम पोई आणि चहा घेऊन लगेच बाहेर पडत असे. आता पोई टोपलीत झाकून ठेवते आणि दोन घोट पाणी पिऊन निघते. डॉक्टरांनी दिलेली गोळी न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायची असल्यामुळे ती घेऊनच चालायला जाते, आणि परत येईपर्यंत वेळ बरोबर जुळते. बुटांची नाडी वाकून बांधताना आंबट पाणी वर येते हे लक्षात आल्यापासून मी पायरीवर बसून, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर टेकवून, पाठ ताठ ठेवून नाडी बांधते. गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण माझी सकाळ तिच्यामुळे सुधारली.

मधल्या काळात एका व्यायामशाळेतही जाऊन पाहिले. त्रास सांगूनही तिथल्या प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी पाठीवर झोपवून पोटाचे व्यायाम करायला लावले आणि श्वास रोखून वजने उचलायला दिली. दोन्ही प्रकारांत पोट जोरात आवळले जाते. ती रात्र मी खुर्चीत बसून काढली. योगासनांतही पोट दाबणारी पश्चिमोत्तानासन आणि हलासन मी सोडली, ताडासन आणि वज्रासन ठेवले. रोज दहा मिनिटे पोटाने सावकाश श्वास घेते, कारण श्वासपटलाचे, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याचे, स्नायू त्या सैल कड्याला बाहेरून आधार देतात.

सर्वांत अवघड गेली ती दुपार. आमच्याकडे एक वाजता दुकाने बंद होतात आणि माशांचे हुमण नि भात जेवून सारा गाव आडवा होतो. सासूबाई नेहमी म्हणत, ‘जेवल्याबरोबर पडू नकोस गो, शतपावली घाल.’ शाळेतून दमून आल्यावर मी ते कधीच ऐकले नाही. आता जेवणानंतर पंधरा मिनिटे पडवीत सावकाश फेऱ्या घालते आणि निदान दोन तास पाठ टेकत नाही. वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर निजणे. त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहते, म्हणून मी रात्रीही डाव्या कुशीवरच झोपते. रात्रीचे जेवण साडेसातला होते. कोकम पित्तशामक मानले जात असले, तरी लसूण-मिरची घातलेली आंबट सोलकढी मला रात्री सोसत नाही, म्हणून ती दुपारीच घेते. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सुताराकडून फणसाच्या लाकडाचे १५ सेंटीमीटर उंचीचे ठोकळे करून बसवले आहेत. आधी मी उशांवर उशा रचत होते, पण त्याने कंबरेत वाक येऊन पोट अधिकच दाबले जात होते.

पावसाळ्यात चढ निसरडा होतो, तेव्हा चालणे पडवीतच होते.

त्रास पूर्ण गेलेला नाही. लग्नाच्या पंगतीत उशिरा जेवले की दुसऱ्या दिवशी तो जाणवतोच. अशा सकाळी चढ टाळून सपाट रस्त्याने चालते, पण घरी बसत नाही. धावल्याने पोटातले सगळे हिंदकळते, म्हणून धावणे पुन्हा सुरू केलेले नाही. वाढलेल्या पाचपैकी चार किलो उतरले आहेत, आणि गोपाळ गणपतीपर्यंतचा चढ आता मी वाटेत न थांबता चढते.