जिरामधले जुने प्रोजेक्ट काढताना आलेला अनुभव

आमच्या जिरामध्ये, म्हणजे टीमच्या कामांची नोंद ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बंद पडलेले प्रोजेक्ट चालू प्रोजेक्टपेक्षा जास्त झाले होते. नवीन इश्यू (एखाद्या कामाची नोंद) टाकायला गेलं की यादीत कधीच संपलेल्या कामांची नावं समोर यायची. नवीन आलेली माणसं त्यातलंच एखादं निवडायची आणि तो इश्यू कुणाच्याच बोर्डवर (टीमची कामं मांडून दाखवणाऱ्या पानावर) दिसायचा नाही. सफाईचं काम माझ्याकडे आलं, आणि पहिल्याच प्रोजेक्टला कळलं की डिलीटचं बटण दाबणं हा यातला अगदी छोटा भाग आहे. वेळ जातो तो प्रोजेक्टच्या मागे राहणाऱ्या सेटिंगमध्ये.

जिरात साचा वापरून नवीन सॉफ्टवेअर प्रोजेक्ट बनवला की त्याच्या कीच्या (प्रोजेक्टच्या छोट्या कोडच्या) नावाने सेटिंगचा एक अख्खा संच तयार होतो. त्यात वर्कफ्लो स्कीम असते (वर्कफ्लो म्हणजे इश्यू कोणकोणत्या स्टेटसमधून, टप्प्यांतून, जाईल ते; स्कीम म्हणजे प्रोजेक्टला जोडायची सेटिंग), इश्यू टाइप स्कीम असते (इश्यूचे प्रकार ठरवणारी), इश्यू टाइप स्क्रीन स्कीम असते, तिच्याखाली स्क्रीन स्कीम आणि त्याखाली प्रत्यक्ष स्क्रीन, म्हणजे माहिती भरायचा फॉर्म. प्रोजेक्ट डिलीट केला की इश्यू, कमेंट, अटॅचमेंट, व्हर्जन, कंपोनंट सगळं जातं, पण हा संच जागेवर राहतो. ते बरोबरच आहे, कारण तोच संच दुसरा एखादा प्रोजेक्टही वापरत असू शकतो. क्लाउडवरच्या (जिरा बनवणाऱ्या कंपनीच्याच सर्व्हरवर चालणाऱ्या) टीम-मॅनेज्ड, म्हणजे टीम स्वतः सांभाळते त्या, प्रोजेक्टमध्ये ही भानगड नाही, त्यांची सेटिंग त्यांच्यापुरतीच असतात. आमचं मात्र डेटा सेंटर होतं, म्हणजे आपल्याच सर्व्हरवर चालवायचं जिरा.

म्हणूनच नावावर अजिबात जाऊ नका. आमच्याकडे ‘एमओबी: सॉफ्टवेअर सिम्प्लिफाइड वर्कफ्लो स्कीम’ अशी एक स्कीम होती. एमओबी हा मोबाइल ॲपचा जुना प्रोजेक्ट, कामच बंद झालेलं. नाव बघून कुणीही म्हणेल, काढून टाका. स्कीमच्या पानावर मात्र ती ॲक्टिव्ह दिसत होती आणि समोर बिलिंगचा चालू प्रोजेक्ट लिहिलेला होता. बिलिंगचा प्रोजेक्ट बनवताना कुणीतरी एमओबीचं कॉन्फिगरेशन शेअर करायचा पर्याय निवडला होता. म्हणजे मेलेल्या प्रोजेक्टच्या नावाच्या वर्कफ्लोवर रोजची बिलं पुढे सरकत होती. मी ती स्कीम आणि तिच्यातला वर्कफ्लो दोन्ही ठेवले आणि स्कीमचं नाव बदलून ‘बिलिंग’ केलं, पुढच्या ॲडमिनला तोच प्रश्न पडू नये म्हणून.

वापरात असलेली वर्कफ्लो स्कीम जिरा डिलीट करूच देत नाही, त्यामुळे तिथे निर्धास्त राहता येतं. इश्यू टाइप स्कीमच्या बाबतीत सावध राहा. तिथे कोणते प्रोजेक्ट ती वापरतायत एवढं सांगून विचारणा होते. तुम्ही होकार दिलात की ते प्रोजेक्ट मुकाट्याने डिफॉल्ट स्कीमवर जातात. घाईत क्लिक करायची जागा नाही ही. प्रत्येक स्कीमसमोर कोणते प्रोजेक्ट आहेत ते मी आधी एका शीटमध्ये उतरवून घेतलं आणि मगच हात लावला.

प्रत्येक प्रोजेक्टच्या जुन्या लीडला विचारल्याशिवाय काही काढायचं नाही, हेही ठरवलं होतं. एका मॅडमनी लगेच सांगितलं, “हा डिलीट करू नका हो, ऑडिटवाले मागतात त्यातलं.” तो आर्काइव्ह केला. आर्काइव्ह केलेला प्रोजेक्ट यादीतून आणि सर्चमधून जातो, हवा तेव्हा परत आणता येतो. पण त्याच्या स्कीम सुटत नाहीत, त्या वापरात आहेत असंच धरलं जातं. क्लाउडवर डिलीट केलेला प्रोजेक्ट ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो. डेटा सेंटरला तशी सोय नाही, गेला तो गेला. बॅकअपमधून एकटा प्रोजेक्ट परत आणता येतो, पण एक्सएमएल बॅकअपमध्ये अटॅचमेंट नसतात, त्यांचा फोल्डर वेगळा जपावा लागतो. तो आधी कॉपी करून ठेवला.

मला सगळ्यात जास्त काळजी होती फिल्टरची, म्हणजे जतन करून ठेवलेल्या सर्चची. एखाद्या फिल्टरमध्ये चार प्रोजेक्टची नावं असतील आणि त्यातला एक डिलीट झाला, तर जिरा त्या फिल्टरला चूक दाखवतं. बोर्ड फिल्टरवरच चालतो, त्यामुळे उरलेल्या तीन प्रोजेक्टचे इश्यूसुद्धा बोर्डवरून गायब. शेअर केलेले फिल्टर ॲडमिनला शोधता येतात, ते आम्ही दुरुस्त केले. लोकांचे खाजगी फिल्टर तसे दिसत नाहीत. त्यासाठी सगळ्यांना मेल करून कोणती की जाणार आहे ते कळवलं.

मग प्रत्यक्ष काढाकाढ. इथे क्रमाला महत्त्व आहे. आधी प्रोजेक्ट, मग वर्कफ्लो स्कीम, मग वर्कफ्लो. स्क्रीनकडे त्यानंतरच वळायचं, कारण वर्कफ्लोच्या एखाद्या ट्रान्झिशनला (एका स्टेटसवरून दुसऱ्यावर जायच्या पायरीला) स्क्रीन जोडलेली असेल तर ती निघत नाही. इश्यू टाइप स्क्रीन स्कीम, स्क्रीन स्कीम, स्क्रीन असं वरून खाली उतरत गेलं की अडत नाही. खालून सुरुवात केली की डिलीटचा पर्यायच दिसत नाही आणि माणूस परमिशन तपासत बसतो. परमिशन आणि नोटिफिकेशन स्कीम आमच्याकडे मोजक्याच होत्या आणि जवळपास सगळ्या सामायिक, त्या तशाच ठेवल्या.

राहिले स्टेटस. ‘डन’, ‘कम्प्लीटेड’, ‘क्लोज्ड’, ‘फिनिश्ड’ या चारही नावांचा अर्थ आमच्या टीमसाठी एकच आहे, पण चारही कुठल्या ना कुठल्या चालू वर्कफ्लोमध्ये आहेत आणि तिथून काढल्याशिवाय डिलीट होणार नाहीत. त्यासाठी प्रत्येक टीमशी बसून बोलावं लागेल. पहिली बैठक बिलिंगवाल्यांबरोबर लावली आहे.